मिठालाही ऐकू आलं

हॉल गच्च भरला होता. खुर्च्या संपल्यावर लोक भिंतींना टेकले, भिंती संपल्यावर दारात उभे राहिले, आणि ज्यांना दारही मिळालं नाही ते जिन्यात उभे राहून पुढच्याला विचारत होते, "वळली का? वळली का?" एरवी या हॉलमध्ये नाचाचे वर्ग भरतात आणि गृहसंस्थांच्या वार्षिक सभा होतात. त्या सभांना कधी कोरम जमत नाही. त्या दिवशी नुसत्या जिन्यातच दोन सभांचा कोरम होता.

स्टेजवर एक लहान मुलगी मांडी घालून बसली होती. अनवाणी. हातात एक निळा ठोकळा. समोर तिची आई. आणि पाठीमागे, बऱ्याच अंतरावर, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले नादस्वामी. त्यांच्यापुढे कमरेइतका उंच ढोल, त्याच स्टेजच्या फळ्यांवर ठेवलेला. मुलीचा चेहरा मागच्या पडद्यावर खिडकीएवढा दिसत होता, कारण स्वामी अध्यात्मात असले तरी कॅमेऱ्याच्या बाबतीत मागासलेले नव्हते.

स्वामींनी हात वर केला. हॉल गप्प झाला. ढोलावर एक टोला पडला, आणि मुलगी गर्रकन मागे वळली.

बायका रडल्या. पुरुषांनी चष्मे पुसले. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काटा आला हो अंगावर." काटा माझ्याही अंगावर आला होता. ती मुलगी माझी भाची होती, आणि जन्मतः बहिरी होती.

घरात तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी बसत नाही. दीड वर्षाची झाली तरी हाकेला ओ देईना, तेव्हा माझी बहीण तिला तपासणीला घेऊन गेली. तिथे कळलं की दोन्ही कान जवळजवळ बंद आहेत. डॉक्टरांनी कानामागची मशीनं दिली. त्यांनी भागलं नाही तर ऑपरेशनचा विचार करू म्हणाले, पण जे करायचं ते लवकर, भाषा शिकण्याचं वय हेच. घरी दर आठवड्याला एक बाई यायला लागल्या. कर्णबधिर बाळांना आणि त्यांच्या आईबापांना शिकवणं हाच त्यांचा व्यवसाय. त्या जमिनीवर बसायच्या, भिंगरीच्या डोळ्यांच्या पातळीवर यायच्या, चेंडू दाखवायच्या, हाताने चेंडूची खूण करायच्या आणि तोंडाने "चेंडू" म्हणायच्या. मग पुन्हा. मग पुन्हा. बहिणीने एकदा विचारलं, याचा परिणाम कधी दिसेल. बाई म्हणाल्या, थोडा थोडा, वर्षभरात.

स्वामींनी तो एका टोल्यात दाखवला. आता सांगा, कुणाचं ऐकाल?

त्या दिवशीचं स्वामींचं प्रवचन मी लक्ष देऊन ऐकलं. ते म्हणाले, कान कधी बहिरा नसतो, त्यातला नाद रुसलेला असतो. रुसलेल्याला यंत्राने बोलावता येत नाही. दुकानातून आणलेला कान हा कान नव्हे. परमेश्वराने दिलेल्या इंद्रियात माणसाने प्लास्टिक घालणं हा त्याचा अपमान आहे. हे सगळं ते एका कागदावर बघून सांगत होते, आणि कागद वाचायला त्यांनी चष्मा लावला होता. चष्मा बहुधा परमेश्वराने दिलेला असावा.

मग त्यांनी भिंगरीच्या कानांवरून हात फिरवला आणि दोन्ही मशीनं काढून बहिणीच्या ओंजळीत ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांकडे भिंगरीने ढुंकूनही पाहिलं नाही. एवढा मोठा हॉल टाळ्या वाजवत होता आणि कानात नुकताच नाद भरलेली मुलगी निळा ठोकळा तोंडात घालायचा प्रयत्न करत होती. हे कुणालाच दिसलं नाही, कारण सगळे टाळ्या वाजवत होते.

सगळीच मुलं वळत नसत. न वळणाऱ्यांसाठीही स्वामींकडे सोय होती. ते आईबापांना हळूच विचारायचे, "घरात कुणी शंकेखोर आहे का?" शंकेखोर प्रत्येक घरात असतोच. कुणाचा दीर, कुणाचे वडील, एका बाईने तर शेजारच्या फ्लॅटमधल्या प्राध्यापकांचं नाव सांगितलं. त्याच्या शंकेने नाद अडला, असं ठरायचं. म्हणजे मूल वळलं तर स्वामींची कृपा, आणि नाही वळलं तर दिराची चूक. इतका पक्का धंदा मी दुसरा पाहिलेला नाही.

वळलेल्या मुलांचा नाद टिकावा म्हणून त्यांच्याही घरच्यांना हा प्रश्न विचारला जाई, आणि बहिणीच्या घरचा शंकेखोर म्हणून स्वामींकडे माझं नाव गेलं. तिच्या सासूबाईंनी मला चहा दिला, बशी पुढे सरकवली आणि सांगितलं की पोरीच्या कानात नाद पक्का बसेपर्यंत मी येऊ नये. बहीण खाली मान घालून उभी होती. मी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. आमचे भाऊजी इंजिनिअर आहेत. पुलावरून ट्रक गेला की पूल किती थरथरतो, हे मोजण्याचा त्यांना पगार मिळतो. ते म्हणाले, "दादा, डोळ्यांनी पाहिलंय. रोज पाहतोय. तुम्ही येऊन बघा वाटल्यास." मग त्यांच्या लक्षात आलं की मला येऊ नका असं नुकतंच सांगून झालं आहे.

रोज पाहतोय, हे मात्र खरं होतं. स्वामींनी घरी करायची साधना दिली होती. मुलाला फरशीवर बसवायचं नाही, फरशी नाद पिऊन टाकते. लाकडावर बसवायचं. अनवाणी. ढोल त्याच लाकडावर ठेवायचा आणि पाठीमागून वाजवायचा. बहिणीकडे मोठा लाकडी पलंग होता. त्याची गादी काढून सकाळ-संध्याकाळ भिंगरीला एका टोकाला बसवत, दुसऱ्या टोकाला छोटा ढोल. सासूबाई ढोल वाजवायच्या, भिंगरी वळायची, सासूबाई डोळे पुसायच्या. एकदाही चुकली नाही. प्रयोग करून पाहा, मग विश्वास ठेवा, असं आपण लोकांना सांगत असतो ना? त्यांनी रोज प्रयोग केला, आणि तो रोज यशस्वी झाला.

बाईंना येऊ नका म्हणून कळवण्यात आलं. त्यांनी फोन केला, सासूबाईंनी सांगितलं मुलगी ऐकते आता. बाई स्वतः आल्या, तर दारातूनच निरोप मिळाला. मशीनं डबीत गेली, डबी कपाटात.

त्यानंतर घरात जे झालं ते बहिणीने मला पुष्कळ नंतर सांगितलं. पूर्वी सगळे भिंगरीसमोर बसून, तोंड दाखवून, हाताने खुणा करून बोलायचे. आता त्याची गरज काय? ती ऐकत होती. म्हणून स्वयंपाकघरातून हाका सुरू झाल्या, पाठीमागून सूचना सुरू झाल्या. जेवायला ये. ते ठेव खाली. नको म्हटलं ना? भिंगरी ढिम्म हलायची नाही. मग आजी म्हणायच्या, ऐकतेय सगळं, पण हट्टी आहे, आईवर गेलीय. कधी पाठीत धपाटा बसायचा. पोरीला कळायचं नाही तो कशाबद्दल. आधी ती बहिरी होती. स्वामींच्या कृपेने आता ती उद्धट झाली.

चेंडूची खूण ती काही दिवस करत राहिली. कुणी चेंडू देईना. मग तिने ती सोडून दिली.

एका सकाळी बहीण तिला घेऊन इमारतीखाली उतरली होती. भिंगरी पुढे धावली. तिच्या मागून एक टेम्पो रिव्हर्समध्ये येत होता, जोरजोरात भोंगा वाजवत. भोंग्याने तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत माणूस आला. भिंगरी खाली वाकून एक बाटलीचं झाकण उचलत होती. तिने मान वर केली नाही. बहिणीने धावत जाऊन तिला दंडाला धरून ओढलं, इतकं जोरात की दंडावर बोटं उमटली. टेम्पोवाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "बहिरी आहे का पोरगी?"

घरी सगळे म्हणाले, तिचं लक्ष नव्हतं. सासूबाईंनी लगेच तिला पलंगावर बसवून ढोल वाजवला. भिंगरी वळली. झालं, चर्चा संपली.

बहिणीची संपली नाही. तिने बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून मला फोन केला. म्हणाली, "दादा, तू येऊ नकोस असं म्हटलंय ना सगळ्यांनी, तर तू ये. आणि बाईंना घेऊन ये."

आम्ही गेलो. सासूबाईंनी दार उघडलं, आम्हाला पाहिलं आणि दार तसंच उघडं टाकून आत गेल्या. तेवढं आमंत्रण मला पुरेसं होतं. बाईंच्या काखेत एक जाड फोमची गादी गुंडाळलेली होती. ती गादी घेतल्याशिवाय त्या कुठल्याही बाळाला तपासत नाहीत. घरात कुठेही गेल्या की आधी गादी पसरायच्या, मग बाळाला तिच्यावर बसवायच्या, मग आपली सावली कुठे पडते ते बघायच्या.

बाईंनी कुणालाही दोष दिला नाही, स्वामींचं नावही काढलं नाही. सासूबाईंना म्हणाल्या, "आजी, तुम्ही रोज वाजवता तसाच वाजवून दाखवा." आजींनी वाजवला. भिंगरी वळली आणि हसली. आजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते इथे लिहीत नाही.

मग बाईंनी भिंगरीला फोमच्या गादीवर बसवलं, फरशीवर, ठोकळे घेऊन. बहिणीला बाजूला तोंड करून बसायला सांगितलं, म्हणजे आईचे डोळे पाहून पोरीला मागचं कळायला नको. ढोल आजींच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता हा कशाला टेकवू नका. उचलून धरा आणि वाजवा."

आजींनी टोला मारला. भिंगरी ठोकळ्यावर ठोकळा ठेवत होती. आजींनी पुन्हा मारला, मोठ्याने. शेजाऱ्यांचं दार उघडल्याचा आवाज आला. भिंगरीने तिसरा ठोकळा ठेवला. आजी आता वाजवत राहिल्या, थांबेचनात, आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. पोरीचे ठोकळे पडले, तिने पुन्हा लावायला घेतले.

"शंका," आजी दम लागून म्हणाल्या. "हा घरात आलाय ना."

बाईंनी भिंगरीला उचलून पलंगाच्या फळ्यांवर ठेवलं. आपल्या मुठीला टॉवेल गुंडाळला आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला, खालच्या बाजूने, एक गुद्दा मारला. मी शेजारी उभा होतो, मला काहीही ऐकू आलं नाही. कुणालाच आलं नाही. भिंगरी गर्रकन वळली आणि हसली.

भाऊजी तेवढ्यात कामावरून आले होते, खांद्यावर बॅग तशीच. ते दारात उभे राहून पाहत होते. म्हणाले, "पुन्हा मारा." बाईंनी मारला. भाऊजींनी पुढे येऊन फळीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "पुन्हा." त्यानंतर त्यांनी हात उचलला नाही. पुलावर वाकून, असाच हात टेकवून उभ्या राहिलेल्या माणसाला मी त्यांच्या ऑफिसातल्या फोटोत पाहिलं आहे.

"थरथर," ते म्हणाले.

बाईंनी समजावून सांगितलं. ऐकू न येणारं मूल अंगाने ऐकतं. पायाला, मांडीला, बुडाला जी थरथर कळते, तिच्याकडे ते आपल्यापेक्षा जास्त लक्ष देतं, कारण त्याच्याजवळ तेवढंच आहे. आपल्याला ढोल ऐकू येतो, म्हणून फळी हलतेय हे कळतच नाही. स्टेज आतून पोकळ असतं, ते तर आणखी हलतं. प्रेक्षक सिमेंटवर बसलेले असतात, त्यांना फक्त आवाज येतो आणि वळलेलं मूल दिसतं. आणि ज्या माणसाने फरशीवर बसवू नका, लाकडावरच बसवा, अनवाणीच बसवा, असं सांगितलं, त्याला हे सगळं चांगलं ठाऊक आहे.

बहीण एवढंच म्हणाली, "म्हणजे मी तिला इतके महिने पाठीमागून हाका मारत होते." मग ती उठून भिंगरीच्या समोर जाऊन बसली आणि हाताने चेंडूची खूण केली. भिंगरीने त्या हाताकडे पाहिलं, आणि पुन्हा ठोकळ्यांकडे.

ही गोष्ट इथे संपली असती तर माझाही माणसांवर थोडा विश्वास उरला असता. पण भाऊजींनी ठरवलं की हे हॉलमध्ये सांगायचं. संधी होतीच. ज्यांची मुलं वळली त्या पालकांना स्वामी दर कार्यक्रमात अनुभव सांगायला बोलावत. बहिणीने बजावलं, "पोरीला पुन्हा त्या तमाशात बसवायचं नाही." म्हणून भाऊजींनी मुलीऐवजी मीठ नेलं, आणि मी व बाई गादी घेऊन त्यांच्याबरोबर गेलो.

स्टेजवर त्यांनी माइक घेतला, कॅमेरा जवळ बोलावला आणि एक पातळ ताटली फळ्यांवर ठेवून तिच्यात चिमूटभर मीठ पसरलं. म्हणाले, "स्वामी, आपल्या हातचाच नाद हवा." एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? स्वामींनी टोला मारला. पडद्यावर खिडकीएवढ्या ताटलीत मीठ थुईथुई नाचलं. लोक ओह् म्हणाले. मग भाऊजींनी बाईंची गादी पसरली, ताटली तिच्यावर ठेवली, आणि पुन्हा टोला मागितला. मीठ जागचं हललं नाही.

"माझी मुलगी ऐकत नव्हती," भाऊजी म्हणाले. "फळी हलत होती. मी इंजिनिअर आहे, मला हे पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. तुमच्या मुलांची मशीनं परत घाला. उद्याच घाला."

हॉल शांत झाला. मला वाटलं, झालं, जिंकलो.

स्वामींनी अगदी प्रेमाने त्यांच्या हातातून माइक घेतला. चष्मा काढला. आणि म्हणाले, "पाहिलंत? बाळांचं तर सोडाच. आज नादाने मिठालाही जाग आली. समुद्रातून निघालेलं निर्जीव मीठ ऐकू लागलं. आणि गादीवर का नाही ऐकलं? अहो, गादी कुणी आणली?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "शंकेने आणली."

टाळ्यांनी हॉल दणाणला. माणसं उठून उभी राहिली. मिठासाठी. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी ताटलीतलं मीठ मागून घेतलं आणि कागदाच्या पुडीत बांधलं, नातवाला चाटवायला. आम्हाला कुणी मारलं नाही, धक्काही दिला नाही. लोक आमच्याकडे बघून कीव आल्यासारखं हसत होते, आणि वाट करून देत होते.

एवढ्या गर्दीतून आमच्यामागे जिन्यावरून एकच बाई उतरली. कडेवर मुलगा. तिने आमच्या बाईंना गाठून हळूच सांगितलं, "माझाही वळतो. पण इथेच वळतो." बाईंनी त्याचं वय विचारलं आणि तिथेच पायरीवर बसून घेतलं.

भिंगरीची मशीनं कपाटातून काढली तेव्हा ती बसेनात. कानात बसणारे साचे प्रत्येक बाळाच्या कानाच्या मापाचे बनवतात, आणि कान तर वाढत होते. कानांनी कुणाच्या कृपेची वाट पाहिली नव्हती. नवे साचे बनवावे लागले. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या तपासण्या पुन्हा सुरू केल्या, आणि आधी का नाही आलात, असं विचारलं. बाई पुन्हा दर आठवड्याला येतात. चेंडू तोच, खूण तीच, मुलगी मात्र मोठी झाली आहे. बहिणीने त्यांना सरळ विचारलं की वाया गेलेलं भरून निघेल का. बाई खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, पुष्कळसं निघेल, सगळं नाही. जे तिला खेळता खेळता मिळालं असतं, ते आता कष्ट करून मिळवावं लागेल, आणि ते कष्ट तिलाच करावे लागतील. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना नाही.

सासूबाई आता बोलत नाहीत याबद्दल. एकदाच म्हणाल्या, "पण वळायची हो ती." वळायची, हे खरंच आहे.

तर आता तुम्हाला सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरात असं बाळ असणार. मूल वळलं म्हणजे त्याने ऐकलं, असं नाही. त्याला मऊ गादीवर बसवा. तुमची सावली आणि तुमचा वारा त्याच्यापर्यंत जाऊ देऊ नका. समोरच्या माणसाला मागे बघू देऊ नका. मग हाक मारा. मात्र या घरगुती तपासणीवरही विसंबू नका. मूल वळलं नाही, किंवा वळलं तरी शंका उरली असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे जा, आणि याच आठवड्यात जा. ऐकण्याचं असो, बोलण्याचं असो, बसण्या-चालण्याचं असो, मूल मागे पडतंय असं वाटलं तर 'होईल हळूहळू' म्हणणाऱ्या कुणाचंही ऐकू नका, मग तो स्वामी असो, सासू असो किंवा इंजिनिअर.

आणि एवढं सांगूनही स्वामींकडे जायचंच असेल तर जा. आधी तपासणी करा, मशीन घाला, शिकवणी सुरू करा, आणि मग सवडीने जा. घाई नाही. त्यांचा हॉल पुढच्या वर्षापर्यंत बुक आहे. ते कुठेही जात नाहीत. मुलाचं वय जातं.